खडपावरच्या कोळ्यासाठी राखलेली कुपी

मित्रांनो, माझ्यात कोणीही नाही. मी काचेची एक जुनी कुपी आहे, तुमच्या करंगळीएवढी. माझ्या तोंडाला रबराचं बूच आहे आणि पोटात कागदाची एक चिठ्ठी. चिठ्ठीवरचा एकच शब्द आता नीट वाचता येतो : 'नर'. तो शब्द माझ्यात कसा आला आणि ज्याच्यासाठी तो लिहिला, तो का आला नाही, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म भट्टीच्या धगीत झाला. आम्ही बाराजणी एकाच काचनळीच्या. कापूस घातलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आम्ही मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका दुकानात आलो आणि तिथून १९७९ साली सुमेधाबाईंच्या पिशवीत. सुमेधाबाई वाशीच्या एका नव्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. वय तिशीच्या आतलं, गाव इस्लामपूर. सेक्टर नऊमधल्या एका घरात त्या एकट्या राहत. तेव्हा वाशीत इमारती जास्त आणि माणसं कमी होती. त्यांच्या मजल्यावरच्या चार दारांपैकी तीन दारांना कुलूपच असे. संध्याकाळी बाई आम्हाला टेबलावर ओळीने मांडायच्या आणि आमच्याशीच बोलायच्या.

बाईंना कोळ्यांचा नाद होता. "कोळी म्हणजे कीटक नव्हे," असं त्या वर्गात बजावून सांगत. "कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. त्याचे खरे भाऊबंद म्हणजे विंचू आणि गोचीड." रविवारी त्या खाडीकाठी जात. भरतीचं पाणी येतं तेव्हा कोण काय करतं, यावरून त्यांनी एक वही केली होती. मिठागराच्या चिखलावर धावणारे करडे कोळी पाण्यापुढे पळत सुटून बांधावर चढत. लांब पायांचे कोळी तिवरांच्या फांद्यांना अंग चिकटवून खालचं पाणी ओसरायची वाट पाहत. दगडाच्या फटीत तिळाएवढा एक जीव सापडे. दिसायला विंचवासारखा, पण नांगी नसलेला. त्याचीही नोंद वहीत होती. नव्या जातीला आमच्यातली एक कुपी मिळे. दोन वर्षांत आमच्यातल्या दहाजणी भरल्या.

वहीचं एक पान मात्र कोरं होतं. पाणी आल्यावर पळत नाही, पाण्याखालीच राहतो, असा एक कोळी बाईंनी पुस्तकात वाचला होता. प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता.

१९८१ च्या जानेवारीत, अमावास्येच्या दिवशी, बाई एस.टी.ने उरणला गेल्या. मी आणि माझी शेवटची बहीण पिशवीत होतो. गावाबाहेर समुद्रालगत खडप होतं, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा. सगळ्या खडकांवर कालवांचे शिंपले चिकटलेले. बाई वाकून फटी धुंडाळत होत्या. थोड्या अंतरावर एक बाई लोखंडी टोच्याने कालवं फोडत बसली होती. पन्नाशीची, काटक, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. तिचं नाव जमुना. तिने बराच वेळ पाहिलं आणि शेवटी विचारलं,

"बाय, काय हरवलाय?"

"काही नाही. कोळी शोधतेय."

"कोली?" जमुना खळखळून हसली. "सगला वाडा कोल्यांचा हाय. कुनाकडं जायाचाय तुना?"

बाईंनी वहीतलं चित्र दाखवलं. जमुनाने हात लुगड्याला पुसले आणि निरखून पाहिलं.

"ह्यो व्हय! ह्यो तं माज्या शेजारी ऱ्हातं. चल."

तिने एका मेलेल्या कालवाचा पोकळ शिंपला अलगद उचलला. आत पांढऱ्या रेशमाचा पडदा होता. पडद्यामागे हवेचा एक कोंडलेला घास आणि त्या हवेत बसलेली तांबूस रंगाची, मोठ्या जबड्यांची कोळीण.

"भरती आयली का दार लावतं आन् गप बसतं," जमुना सांगू लागली. "पानी डोक्यावर येवू दे नायतर जावू दे. सुकती झाली का भाईर. आमचाच जातवाला, पन जाला टाकत नाय. हातानंच धरतं."

बाईंनी पिशवीतून चिमटा बाहेर काढला, तेव्हा जमुनाने त्यांचा हात धरला. "पिलावाली हाय ती. बग, अंडी हायेत."

बाईंनी ती सोडली. दुसऱ्या शिंपल्यात एकटी मादी मिळाली. ती स्पिरिटने भरलेल्या माझ्या बहिणीत गेली. खोक्यातून आलेल्या बाराजणींत आता मी एकटीच रिकामी उरले.

बाईंनी माझ्या त्या बहिणीला कलकत्त्याच्या एका वृद्ध तज्ज्ञांकडे पाठवलं. तीन महिन्यांनी ती परत आली, सोबत पत्र होतं. कूळ ओळखता आलं, पण नुसत्या मादीवरून जात नक्की सांगता येत नाही. वयात आलेला नर पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. मित्रांनो, नर कोळ्याच्या तोंडाजवळ दोन आखूड पाय असतात. तो वयात आला की त्यांची टोकं कळीसारखी फुगतात आणि त्या कळ्यांवर नक्षी उमटते. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. तीच त्यांची खरी ओळख.

त्या संध्याकाळी बाईंनी मला हातात घेतलं. चिठ्ठीवर लिहिलं : उरण, खडप, कालवाच्या शिंपल्यात, नर. तारखेची जागा कोरी ठेवली. चिठ्ठी माझ्या पोटात घालून त्या म्हणाल्या, "तू त्याच्यासाठी." मित्रांनो, कोणासाठी तरी आपली जागा राखलेली आहे, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. महिन्याच्या एखाद्या उधाणाला, म्हणजे अमावास्येला किंवा पौर्णिमेला, मोठ्या ओहोटीची वेळ पाहून, बाई जात. जमुनाच्या घरी चहा होई. तिचा नवरा धर्मा होडीवर असे, घरी असला तर ओट्यावर जाळं सांधत बसे आणि म्हणे, "मास्तरीन आयली. आज आमच्यातला कुनाला बाटलीत भरतंय?" बाईंनी जमुनाला वहीत नराचं चित्र काढून दाखवलं होतं, कळ्यांसकट. जमुना कालवं फोडताना शिंपले पाहून ठेवू लागली. माद्या दिसत, पिल्लं दिसत. नर मिळत नव्हता. तो जगतो थोडा आणि भटकतो फार, असं बाई म्हणत. मी दर वेळी जशी जाई तशी परत येई. पण त्या दिवसांत मला एकटं वाटलं नाही. बाईंनाही वाटत नसावं, कारण त्या आता आमच्याशी कमी बोलत.

१९८३ च्या नोव्हेंबरात जमुनाने हाक मारली, "बाय, गावला!"

खरंच नर होता. बाईंनी भिंगातून पाहिलं. तोंडाजवळचे पाय फुगले होते, पण गुळगुळीत होते. नक्षी नव्हती.

"अजून वयात आला नाही," बाई म्हणाल्या. "एकदा कात टाकली की होईल."

"मंग ठेव ना बाटलीत. होईल आत मोठा."

"स्पिरिटमध्ये कसा होईल, जमुनाबाई? राहू दे इथेच. पुढच्या महिन्यात येते."

माझं बूच काढलेलं होतं. ते परत लावलं गेलं.

पुढच्या महिन्यात बाईंना कावीळ झाली. भाऊ येऊन त्यांना इस्लामपूरला घेऊन गेला. तीन महिने मी बंद घरात पिशवीच्या तळाशी पडून होते. मार्चमध्ये त्या परतल्या, अशक्त होत्या, तरी पहिल्याच अमावास्येला उरणला निघाल्या.

खडप आम्हाला दिसलंच नाही. समुद्रात भराव घालण्याचं काम निघालं होतं. मुरुमाच्या गाड्या एकामागून एक येत होत्या. खडपाचा मोठा भाग लाल मातीखाली गेला होता आणि त्यावरून रोलर फिरत होता. फक्त दक्षिणेचं टोक उघडं होतं. जमुना काठावर उभी होती, टोचा हातात, पाटी रिकामी.

बाई धापा टाकत तिच्याजवळ गेल्या. "जमुनाबाई, ते टोक अजून आहे. तिथे नर असतील. चला ना, आत्ता ओहोटी आहे."

जमुनाने वळून पाहिलं. तिचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"माज्या आयशीनं मना हितं कालवं फोडाया शिकवली," ती म्हणाली. "माजा आख्खा खडप गेला. आन् तू नर शोधतंस?"

जमुना पाठ फिरवून चालू लागली. टोकाकडे न जाता बाई एस.टी.च्या थांब्यावर आल्या. बसमध्ये त्यांनी मला मुठीत धरून ठेवलं होतं.

त्यानंतर दोनदा त्यांनी मला पिशवीत घातलं. दोनदा त्या थांब्यापर्यंत गेल्या आणि बस सोडून परत आल्या. तिसऱ्यांदा मला पिशवीत न घालता प्रयोगशाळेच्या खणात ठेवलं, आणि खण बंद झाला.

मित्रांनो, तिथे मी चार वर्षं होते. शेजारी गंजलेल्या टाचण्या आणि एक मोडका चिमटा. खण उघडे तो दुसऱ्याच कशासाठी तरी. माझी बहीण निदान कपाटात होती, पण तिचेही हालच. एकदा कपाटं आवरताना पंढरी नावाच्या शिपायाने तिला कीटकांच्या फळीवर ठेवून दिलं. बिचाऱ्याचा दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फुलपाखरं आणि भुंगे यांच्यामध्ये ती आठ पायांची कोळीण परक्यासारखी बसून राहिली. तिचं स्पिरिट हळूहळू उडत होतं. बाई कपाटाकडे फिरकत नव्हत्या. त्यांच्या मजल्यावरच्या चारही घरांत आता बिऱ्हाडं आली होती, पण त्यांना कोणाच्या घरी जाऊन बसलेलं पंढरीने कधी ऐकलं नाही.

१९८८ च्या फेब्रुवारीत एका दुपारी प्रयोगशाळेच्या दारात जमुना उभी राहिली. केस पांढरे झाले होते. खडप गेल्यापासून ती वाशीच्या बाजारात मासळी विकायला येत होती. पाटी व्हरांड्यात ठेवून ती आत आली आणि पदराच्या गाठीतून खोकल्याच्या औषधाची एक बाटली काढून तिने बाईंसमोर ठेवली.

"ह्यो घे. तुजा नर."

बाई उभ्याच राहिल्या. "हा कधी मिळाला?"

"तू गेलीस, त्याच्या फुडच्या अवसेला. गाड्या टोकापातूर पोचायच्या आदी. चित्रात व्हता तसा, हाताला कल्या. तुजा त्यो वास मारनारा पानी मना कुठं गावनार? धर्माची दारू व्हती घरात, ती वतली. चार दिस तो माज्याशी बोलला नाय."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना ठसकाच लागला. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "चार वर्षं ठेवलात?"

"तू येशील म्हनून ठेवला. तू आयलीच नाय."

"तुम्ही रागावला होतात."

"रागावले व्हते. मंग? रागावल्यावर मानूस येत नाय का?"

बाईंनी जमुनाचा मासळीच्या वासाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग बाटली सूक्ष्मदर्शकाखाली गेली. नराचा रंग उडाला होता, दोन पाय गळले होते, पण दोन्ही कळ्या शाबूत होत्या. जमुनाने एक डोळा मिटून पाहिलं. "आगं बाय! नथीवर पन अशी नक्षी नसतं."

बाईंनी खण उघडला. चार वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी मला पुसलं, बूच काढलं, चिमटा हातात घेतला. माझा क्षण आला होता. पण चिमटा बाटलीच्या तोंडाशीच थांबला.

"इतका नाजूक झालाय. हलवताना कळ्या मोडल्या तर?"

"मंग ऱ्हाऊ दे की त्याच्याच घरात," जमुना म्हणाली.

तेच बरोबर होतं. बाटलीतली दारू काढून त्यांनी हळूच नवं स्पिरिट भरलं. माझी बहीण कीटकांच्या फळीवर सापडली, तिलाही स्पिरिट मिळालं. दोघं शेजारी बसली. मला बूच लावून परत खणात ठेवलं गेलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

कलकत्त्याचं उत्तर पावसाळ्यात आलं. ही जात दूर दक्षिणेच्या बेटांवरून माहीत होती. आपल्या या किनाऱ्यावरची ही पहिली नोंद. बाईंनी बाटलीवर नवी चिठ्ठी लावली आणि त्यावर लिहिलं, 'शोधणारी : जमुना, कालवंवाली'. जमुनाला ती वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "कालवं कुठं ऱ्हायलीत आता?" पण चिठ्ठीवरून तिने दोनदा बोट फिरवलं.

त्याच डिसेंबरात जमुना बाईंना करंजा गावाच्या पलीकडे घेऊन गेली. तिथे एक लहानसं खडप उरलं होतं. सवयीने बाईंनी मलाही पिशवीत घेतलं. जमुनाने एक शिंपला उचलला. पडद्याआड एक जिवंत नर होता, कळ्यांवर पूर्ण नक्षी असलेला. बाईंचा हात पिशवीत आला, मला लागला, आणि तसाच बाहेर गेला. दोघी वाकून पाहत राहिल्या. पाणी खडकांत शिरू लागलं, तसा जमुनाने शिंपला पालथा ठेवला. तो जरा तिरका बसला होता. बाईंनी तो पुन्हा उचलला आणि नीट बसवला.

मी आता परत खणात आहे. एकटी आहे, आणि बहुधा अशीच राहीन. मित्रांनो, तुमच्या कपाटात अशी एखादी कुपी असेल, तर तिचं स्पिरिट पाहत जा, तिची चिठ्ठी जपा. चिठ्ठी हरवली की जीव कुठला, कोणी शोधला, काहीच उरत नाही. आणि कधी खडपावर गेलात आणि एखादा शिंपला उचललात, तर आत पाहा, मन भरेपर्यंत पाहा. मग तो होता तसाच, होता तिथेच, भरती यायच्या आत ठेवून द्या. आतल्याला दार लावायला वेळ लागतो.