मी दुधाची नव्हते

मी आचलची दाढ बोलतेय. खालच्या जबड्यातली, डावीकडची. वेळ असेल तर माझं ऐकून घ्या. ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांच्याशी मला कधी बोलताच आलं नाही.

आचल सहा वर्षांची असताना मी आले. दुधाचा दात पडला की पोरं तो तळहातावर घेऊन घरभर नाचतात. माझ्या वेळी तसं काही झालं नाही. मी कोणाच्या जागेवर आलेच नव्हते. दुधाच्या दाढांच्या मागे मोकळी जागा होती, तिथे हिरडी फोडून हळूच वर आले. जन्मभराच्या सोबतीला आले होते मी, पण घरात कोणाला त्याचा पत्ता लागला नाही.

घर मोर्शीजवळच्या खेड्यातलं, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांचं. आचलचे आजोबा नत्थुजी वांगी-मिरच्या घेऊन आठवडी बाजाराला जात आणि येताना नातीसाठी कागदाच्या पुडीत गोडीशेव आणत. गुळात घोळलेली ती शेव माझ्या खाचांत दुसऱ्या दिवशीच्या शाळेपर्यंत चिकटून राही. आचल ब्रश करी, पण आरशात दिसत तेवढ्याच दातांना. मी पार मागे. माझ्यापर्यंत ब्रश आलाच नाही.

आधी काळा ठिपका पडला, मग खड्डा. आचल तिसरीत असताना शाळेत तपासणीची गाडी आली. डॉक्टरांनी बॅटरी मारून मला पाहिलं आणि चिठ्ठी दिली : ‘दाढेला कीड. दातांच्या डॉक्टरांना दाखवावे.’ मला वाटलं, वाचले.

आचलच्या आईनं, रागिणीनं, चिठ्ठी वाचली आणि सासऱ्यांना विचारलं.

“मामाजी, अमरावतीले नेऊ का हिले?”

“काहून?” नत्थुजी म्हणाले. “आठ वर्साच्या पोरीची दाढ ते. दुधाची हाय. पडून जाईन अन् नवी येईन. चिमटे लावून लेकराले कशाले रडवता?”

“दुधाच्या दाढेलेबी कीड लागते का पण?”

“अवं, सर्वाइले लागते.”

रागिणीनं चिठ्ठी दप्तरात परत ठेवली. म्हाताऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. नातीच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना पाहवत नसे. मी आतून सांगत होते, अहो, मी दुधाची नाही! पण दाढेला एकच बोलणं येतं, दुखणं. मी दुखू लागले, तर नत्थुजींना बरंच वाटलं.

“दुखते म्हंजे सुटून राह्यली. हालते का वं?”

आचल जिभेनं मला ढकलून पाही. “नाई ना आबाजी. तुमचेच हालतात.”

“माह्ये हालतीनच. सत्तर सालं झाले त्याइले.”

मग लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. आचल एका बाजूनं जेवायला शिकली. शाळेतली खिचडी सगळ्यात शेवटी तिची संपे. वर्गात कविता म्हणायला उठली की एक हात गालावर असे. ती हसायची तीसुद्धा ओठ मिटून. हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं.

मागच्या आठवड्यात गाल इतका सुजला की डोळा उघडेना. नत्थुजींनी बाजाराची टोपली तशीच ठेवली आणि नातीला, सुनेला घेऊन एसटीनं अमरावती गाठली. डॉक्टरीणबाईंनी माझा फोटो काढला आणि बराच वेळ पाहिला.

“काढावीच लागेल. मुळापर्यंत सडली आहे. खड्डा लहान होता तेव्हा आणली असती, तर भरून वाचली असती.”

“काढा बाई,” नत्थुजी म्हणाले. “नवी येईनच तिच्या जागी.”

“नाही येणार, आजोबा. ही पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षी येते, एकदाच.”

रागिणी सासऱ्यांकडे न पाहता आचलच्या केसांवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं नत्थुजी पुढे आले आणि बोटानं स्वतःचा गाल ओढून दाखवू लागले.

“माह्यी एक हाय इथं, पक्की. अजून सुपारी फोडते. हे पोरीले लावून देता येत असन, त पाहा ना बाई.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “नाही हो लावता येत, आजोबा,” एवढंच म्हणाल्या.

पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज उतरली. आज आचल पुन्हा त्या खुर्चीत बसली आहे. सुई देऊन झाली, आता तिचा गाल जड होतोय. नत्थुजी भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

माझ्याजवळ आता थोडाच वेळ उरला आहे. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं लेकरू असेल, तर आज त्याला उजेडात बसवा आणि मोठा ‘आ’ करायला सांगा. पुढचे दात पाहून थांबू नका, पार मागे पाहा. तिथे एखादी दाढ कोणाला न कळता आली असेल. ती पडून पुन्हा येणारी नाही. तिला तेवढं ओळखा.