वडाळीभोईच्या पुढे

ललित साळवे एसटीत कंडक्टर होता आणि त्याचा आवाज अख्ख्या नवीन सीबीएस स्टँडला ओळखीचा होता. नांदगावची गाडी फलाटाला लागली की तो दारात उभा राहून पुकारा करायचा आणि पार चहाच्या टपरीवर बसलेली माणसं कप खाली ठेवून पिशव्या उचलायची. उपनगरच्या कॉलनीत विहारातल्या कार्यक्रमाचा माइक बिघडला तरी कुणी घाबरत नसे. ललित आहे की, असं म्हणत.

मार्चमधल्या एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून रेझर पडलं. चैताली शाळेत जायच्या गडबडीत होती. ती एका खासगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. "काय पाडलंत हो?" असं विचारत ती मोरीजवळ आली, तर ललित आपल्या उजव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण नुसतीच लाळ गळत होती.

जीव वाचला. पाय बराचसा सुधारला, हात थोडा सुधारला. वाचा मात्र गेली ती गेलीच. म्हणजे पूर्ण नाही. एक शब्द उरला: "तेच."

पाणी हवं असलं तरी "तेच", पंखा बंद करायचा असला तरी "तेच". लेक साक्षी कॉलेजातून आली की तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून तो म्हणायचा, "तेच, तेच." त्याला सगळं समजत होतं. बातम्या समजत होत्या, विनोद समजत होते, समोरच्याच्या डोळ्यांतली कीवसुद्धा समजत होती. आणि तेच वाईट होतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना दारात चैतालीला सांगायचा, "पॉझिटिव्ह राहायचं हं. तू खचलीस तर त्याने कुणाकडे बघायचं?" चैताली हसून मान हलवायची. दार लावलं की ते हसू तोंडावरून काढायलाही तिच्यात त्राण नसायचं. सकाळी स्वयंपाक, ललितची आंघोळ, दिवसभर शाळा, संध्याकाळी त्याचे व्यायाम. त्याच्यासमोर मात्र ती सतत बोलत राहायची, उत्साहाने, लहान मुलाशी बोलावं तशी. वाचाउपचार करणाऱ्या तेजल मॅडमनी चित्रांची कार्डं दिली होती. चैताली एकेक कार्ड समोर धरायची. "हे काय आहे? क... कप. म्हणा बरं, कप." ललित ओठ जुळवायचा, कपाळावरची शीर फुगायची, आणि शेवटी यायचं ते "तेच". एके दिवशी त्याने सगळी कार्डं डाव्या हाताने पलंगाखाली उडवून दिली.

त्याचा जोडीदार ड्रायव्हर जीवन आठवड्याला एकदा यायचा. तो आल्याची चाहूल लागली की ललित डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा. जीवन थोडा वेळ वत्सलाबाईंशी, म्हणजे ललितच्या आईशी, इकडचं तिकडचं बोलायचा आणि निघून जायचा. ते सोंग आहे हे दोघांनाही कळायचं.

दिवाळी उलटून गेल्यावर ललित एका संध्याकाळी स्वतःहून उठला, पायात चप्पल अडकवली आणि दूध आणायला खाली गेला. वत्सलाबाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला अडवलं नाही. दुकानात नवा माणूस होता. त्याच्यासमोर तोल सांभाळत उभं असलेलं, तोंड वेडंवाकडं करून "तेच, तेच" म्हणणारं गिऱ्हाईक. दुकानदाराला वाटलं, प्यायलाय. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, बाजूला करा त्याला. कुणीतरी दंड धरून केलं. ललित पायरीवरून खाली पडला. साक्षी कॉलेजातून येत होती म्हणून बरं, तिने वडिलांना ओळखलं.

चैताली घरी आली तेव्हा ललित भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोपर सोललं होतं. साक्षी सगळं सांगत होती. "मम्मी, ते हसत होते गं. आपल्या पप्पांना हसत होते."

त्यानंतर ललितने व्यायाम सोडले. दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. चैताली समजावत राहिली, आणि मग एका दुपारी, रविवार होता, ती समजवायची थांबली.

"मी एकटीने किती बोलायचं?" ती ओरडली. "सांगा ना! रोज उठून मीच हसायचं, मीच बोलायचं, सगळं ठीक होईल म्हणायचं. मला तरी कुठं माहितीये ठीक होणार का! तुम्ही निदान प्रयत्न तरी करा. नाहीतर मीही अशीच भिंतीकडे तोंड करून पडते."

ललित तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. "तेच," तो म्हणाला. "तेच. तेच." त्याने तिचा हात धरला, पण चैतालीने तो सोडवून घेतला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. आत वत्सलाबाई कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "रडू द्या एकदाचं दोघांना. लय दिवस दाबून ठेवलंय."

पुढच्या रविवारी जीवन आला तो थेट पलंगापाशी. "जय भीम, लल्या. सोंग पुरे. चल, ऊठ. माझी नांदगावची ड्युटी आहे. वहिनी, तुम्हीपण चला. खिडकीची जागा धरून ठेवतो. जाऊ आणि येऊ."

ललितने मान हलवली नाही, पण उठून बसला. चैतालीने त्याला शर्ट घातला.

द्वारका चौक सुटला, आडगाव गेलं, ओझर गेलं. ललित खिडकीतून बाहेर बघत होता. त्याच्या जागी कंडक्टर म्हणून एक तरुण पोरगी होती. ती तिकिटं फाडत होती, बेल मारत होती, आणि प्रत्येक बेलला ललितची बोटं मांडीवर हलत होती. चैतालीला वाटलं, उगाच आणलं यांना. जखमेवर मीठ.

पिंपळगावला एक म्हातारी चढली आणि त्यांच्या शेजारी बसून पेंगू लागली. बऱ्याच वेळाने ती दचकून जागी झाली आणि बाहेर बघत ललितलाच विचारू लागली, "बाबा, वडाळीभोई गेलं का रं?"

"वडाळीभोई," ललित म्हणाला.

चैताली झटकन त्याच्याकडे वळली.

"वडाळीभोई, चांदवड, मनमाड, नांदगाव." खणखणीत. जड नाही, तोतरं नाही. फलाटावरचा आवाज. पुढच्या सीटवरच्या माणसांनी मागे वळून पाहिलं. जीवनने आरशातून पाहिलं आणि मोठ्याने ओरडला, "लल्या! परत म्हण!"

ललितने परत म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. तो हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. म्हातारीला काही कळेना. "अरं, पण गेलं का आलं?" ती विचारत राहिली. चैतालीने तिचा हात हातात घेतला. "येतंय आजी, आता येतंय."

घरी आल्यावर वत्सलाबाईंनी मजल्यावरच्या सगळ्या दारांत पेढे दिले. "आला माझ्या लेकाचा आवाज. आला बाई." त्या रात्री चैताली कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

सकाळी तिने पाण्याचा पेला समोर धरला. "म्हणा, पाणी."

ललितने तोंड उघडलं. शीर फुगली. "तेच."

"बरं, माझं नाव. चै..."

"तेच." मग घाबरून, घाईघाईने, "वडाळीभोई, चांदवड, मनमाड, नांदगाव."

तेजल मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चांगली गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला खोटं सांगणार नाही. हजारदा म्हटलेलं पाठांतर मेंदूत वेगळ्या जागी राहतं. पाढे, वार, महिने, तसंच हे. ते आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही. मनातला शब्द शोधून काढणं हे वेगळं काम आहे."

"पण येईल ना?" चैतालीने विचारलं.

"काही शब्द येतील. कदाचित बरेच. पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही. या पाठांतरावरून सुरुवात करू, मध्येच थांबायचं, पुढचं त्यांना म्हणू द्यायचं. हळूहळू."

घरी साक्षी चिडली. "मग आपण पेढे कशाला वाटले? आता सगळे विचारणार." शेजारच्या लताबाईंनी विचारलं तेव्हा तिने पहिल्यांदाच खरं सांगितलं: नाही, आवाज आलेला नाही, थोडं काही आलंय, पुढचं माहीत नाही. लताबाईंनी "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मंगळवारी मला सुट्टी असते. संध्याकाळी मी बसत जाईन त्यांच्यापाशी. तू जरा पड."

चैतालीने आता लहान मुलाशी बोलावं तसं बोलणं सोडून दिलं. दमली असली की दमले म्हणायची. कार्डं काढायची, तासभर बसायची, काही आलं नाही की कार्डं मिटून ठेवायची. ललितही बसायचा. कधी चिडून उठायचा, दुसऱ्या दिवशी परत बसायचा. कंडक्टरची नोकरी आता होणार नाही हे दोघांनाही उमगलं होतं. हलकं काम मिळेल की नाही याचं काही कळत नव्हतं. थंडी पडली, कमी झाली. ललितची वाचा होती तिथेच होती.

एका संध्याकाळी चैताली शाळेतून फार थकून आली. ताप असल्यासारखं वाटत होतं. तिने कुकर लावला, मुगाची खिचडी केली आणि ललितच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्या आठवड्यात बहुतेक रोज खिचडीच होती. ललितने ताटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"न... नको."

चैतालीच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"नको," ललित म्हणाला. ताट जरा पुढे ढकललं आणि आणखी स्पष्ट, वैतागून, "नको!"

साक्षी पुस्तक टाकून धावत आली. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग घाबरत आईकडे. "मम्मी, हा पण पाठ असलेलाच आहे का?"

"नाही गं," चैताली म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "हा त्यांचा स्वतःचा आहे. माझ्या खिचडीवर रागावून शोधून काढलाय त्यांनी."

"पेढे आणू?" वत्सलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

"नको," सगळ्यांच्या आधी ललितच म्हणाला, आणि स्वतःच चकित होऊन हसला.

"मग खायचं काय? सांगा."

तो बराच वेळ शोधत राहिला. शब्द जवळ येत होता आणि निसटत होता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चैतालीने मदत केली नाही, घाईही केली नाही. शेवटी तो उठला, पाय ओढत स्वयंपाकघरात गेला आणि टोपलीतून एक वांगं उचलून तिच्यासमोर धरलं.

चैतालीने पदर खोचला. अंग दुखत होतंच. तिने वांगं धुतलं, तेलाचं बोट लावलं आणि भरतासाठी गॅसवर ठेवलं.