सात किलोंचा संशय

मित्रांनो, माझ्यावर पहिला संशय घेतला गेला तो माझ्या जन्माच्या दिवशीच. कारखान्यात माझी स्प्रिंग नळीत बसली, खाली हूक लागला आणि लगेच एका माणसाने ठरावीक वजनाचे लोखंड टांगून मला तपासले. एकदा नव्हे, पाच वेळा. मला राग आला नाही. मी ताणकाटा आहे. तपासून घेणे आणि तपासणे यातच माझा जन्म गेला.

माझी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. तिथल्या विज्ञानाच्या बाई मला हातात घेतल्यावर काटा शून्यावर आहे का, हे आधी पाहत. "आधी काट्यावर संशय घ्या, मग वस्तूवर," असे त्या शिकवत. मुलांनी मला विटा टांगल्या, दप्तरे टांगली. पुढे बॅटरीवर चालणारे काटे आले आणि मी नऊ वर्षे कपाटात पडून राहिलो. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला भंगाराच्या खोक्यातून उचलले आणि घरी नेले.

घरी बाईंनी युरोपचा त्रेचाळीस दिवसांचा, अकरा गावांचा प्रवास आखायला घेतला होता. टूर कंपनी नाही, गाइड नाही. सगळे आपले आपण. माणसे सहा. बाई, त्यांचे दादा आणि वहिनी, बाईंची ग्रंथपाल मैत्रीण, तिची बहीण आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक शेजारी. या शेजाऱ्यांना सगळे 'वेळापत्रक' म्हणत.

पहिल्याच बैठकीत बाईंनी वहीत अट लिहिली. "तिथे हमाल मिळणार नाहीत आणि आपल्या बऱ्याच खोल्यांना लिफ्ट नाही. प्रत्येकी सात किलो. आपली बॅग घेऊन जो चार मजले चढणार नाही, तो येणार नाही. नात्यागोत्याला सूट नाही."

"अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून जिने चढतोय मी," दादा हसून म्हणाले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. ते मी टिपून ठेवले.

दर रविवारी सकाळी तालीम असे. बाई मला दाराच्या हुकाला अडकवत, एकेक बॅग टांगत, वजन वहीत लिहीत. मग सगळे बॅगा घेऊन जिना चढत.

"सात किलो दोनशे? काटा म्हातारा झालाय तुमचा," वेळापत्रक कुरकुरले.

"काटा ठीक आहे. तुमचे तीन स्वेटर जड आहेत."

तीन रविवार झाले आणि बाईंची भुवई वर गेली. वहिनींची बॅग तिन्ही वेळा बरोबर सात किलो भरली होती. ना शंभर ग्रॅम इकडे, ना तिकडे. खरी मोजमापे इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. बाईंनी शिस्तीप्रमाणे आधी माझ्यावर संशय घेतला. रिकामी बाटली टांगली, मग तिच्यात लिटरभर पाणी भरून टांगली. फरक एक किलो दाखवून मी सुटलो.

"मग वजन कमी दिसावं म्हणून बॅगेला खालून गुडघा लावत असतील," वेळापत्रक म्हणाले.

तसे असते तर मला कळले असते.

"वहिनी, जरा बॅग उघडता का?" बाईंनी विचारले.

"नाही उघडणार," वहिनी बॅगेवर हात ठेवून म्हणाल्या. "सात भरली ना? मग झालं तर."

सगळे वहिनींकडे चोरासारखे पाहू लागले. बाईंनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि त्यांचे बोट दुसऱ्याच नावावर थांबले. दादांची बॅग: सहा किलो आठशे, मग पाच सहाशे, मग चार तीनशे. आम्ही सगळे जास्त वजनावर डोळा ठेवून होतो. कमी वजनावर कुणीच संशय घेतला नव्हता.

"दादा, जिन्यात प्रत्येक वळणावर तू का थांबत होतास?"

"बुटाची नाडी सुटते गं."

बाईंनी खाली पाहिले. दादांच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

तेव्हा वहिनींनी आपणहून बॅग उघडली. आत दादांचा कोट, दादांचे जोडे, दादांच्या औषधांचा डबा. वहिनींचा म्हणून एकच कपड्यांचा जोड. दादांची बॅग फुगलेली दिसत होती ती हवा भरलेल्या उशीमुळे.

"दोन महिने झाले, दम लागतोय यांना," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही यांना वगळलंत तर हे मनातून खचतील. म्हणून यांचं सामान माझ्या बॅगेत भरत गेले, तेवढंच माझं काढत गेले."

"डॉक्टरला दाखवलं?"

"त्यानंही नको म्हटलं असतं तर?" दादा पुटपुटले.

बाईंनी वहीतली ती चार मजल्यांची अट खोडली. "उद्या सकाळी तपासणी. डॉक्टर जा म्हणाले तर अकराऐवजी चार गावं, खोल्या तळमजल्यावरच्या. थांब म्हणाले, तर सगळेच थांबू."

"चार गावं? मग गाड्या पुन्हा बसवाव्या लागतील," वेळापत्रक म्हणाले आणि पेन्सिल काढून कामाला लागले.

मित्रांनो, माझा काटा शेवटपर्यंत खरा होता, तरी तीन रविवार मी एका लपवाछपवीत सामील होतो. म्हणून सांगतो, संशय जरूर घ्या, पण जे अचूक भरते आहे त्याच्यावरही घ्या. आणि काम झाले की माझ्या हुकावरचे ओझे उतरवून ठेवा. स्प्रिंग फार दिवस ताणलेली राहिली, तर रिकामी केल्यावरही तिचा काटा शून्यावर येत नाही. त्या रविवारी बाईंनी मला रिकामे करून कपाटात ठेवले. मग वहिनींची बॅगही त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली.