चार तोंडांचं स्टेशन

गोरक्षनाथनं मोबाईल घेतला नाही तो नाहीच. बायडाबाई पहाटे चुलीपासून गोठ्यापर्यंत त्याच्यामागं फिरली. "आवो, पुण्यासारख्या गावाला चाललाय. पोरगा दिसला न्हाई तर काय बोंबलत हिंडणार का?" पण हा माणूस ऐकेल तर शपथ! चार वर्षं त्यानं कुठल्या फोनला हात लावला नव्हता, आणि आज लावणार होता होय?

"मग मी बी येते," ती म्हणाली.

"तू नगं."

"का नगं? कानिफ माझा न्हाई का?"

"तुझं गुडघं..." असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला. गुडघ्यांचं आपलं निमित्त. पोराशी जे बोलायला तो चालला होता ते बायडाबाईच्या कानावर पडायला नको होतं, एवढीच खरी गोष्ट.

गोरक्षनाथ यारीवाला. देवळाली प्रवराच्या शिवारात कुणाचीही नवी विहीर निघाली की काठावर ह्याची यारी उभी राहायची. खालच्या माणसांनी दगड फोडून लोखंडी बकेटीत भरायचे, वरच्यानं इंजिन चालवून बकेट वर ओढायची आणि बाजूला रिकामी करायची. खाली त्याचेच दोन पोरगे, बन्सी आणि कानिफनाथ. वर हा. यारीवाल्याला नियम एकच: खाली माणूस आहे तोवर विहिरीचं तोंड सोडायचं नाही, आणि बकेटीवरची नजर हलवायची नाही. अठ्ठावीस वर्षं त्यानं हा नियम पाळला. आणि चार वर्षांपूर्वी एका दुपारी, बकेट निम्म्यात असताना, खिशातला फोन वाजला.

फोन बायडाबाईचा होता. कालवण वांग्याचं करू का डाळीचं, एवढंच तिला विचारायचं होतं. ह्यानं फोन कानाला लावला, "कर गं कायबी" म्हणाला, आणि तेवढ्यात दोराला हिसका बसला. बकेट विहिरीच्या अंगाला आपटली, वरचा धोंडा सुटला. बन्सी खाली वाकून घाम पुसत होता.

त्यानंतर पोलीस आले, भावकी आली. सगळ्यांना गोरक्षनाथनं एकच सांगितलं, दगड आपसूक निसटला. बायडाबाईलाही तेच सांगितलं. पण कानिफ खालून वर बघत होता. बापाच्या कानाचा फोन त्यानं पाहिला होता. दहाव्याच्या दिवशी नदीवर त्यानं बापाला बाजूला घेऊन विचारलं, "आबा, खरं का न्हाई सांगत?" काय सांगणार कपाळ! खरं सांगायचं म्हणजे फोन कुणाचा होता तेही सांगणं आलं. ते ऐकून बायडाबाई जगली असती का? पोराला वाटलं, बाप भेकड आहे, स्वतःची कातडी वाचवतोय. तेरावा होताच तो पुण्याला गेला आणि मेट्रोच्या कामावर लागला, तेही जमिनीखालच्या. त्यानंतर बापाशी एक शब्द नाही.

खबरबात कळायची ती श्रीरामपूरला दिलेल्या सृष्टीकडून. ही सगळ्यात धाकटी. कानिफ तिला फोनवर सगळं सांगायचा, ती आईला सांगायची, आणि गोरक्षनाथ पाठ फिरवून बसल्या जागी कान द्यायचा. भर वस्तीत स्टेशन खोदायला घेतलं तेव्हा आधी जुन्या घरांची जोती लागली. मग खापराचे नळ निघाले. मग एक बुजवलेली विहीर, चांगली चिरेबंदी, तळाशी अजून ओल धरून असलेली. ती फोडायचं काम कानिफच्याच टोळीकडं आलं. त्या दिवशी पोरगा बहिणीपाशी हमसून हमसून रडला म्हणे. ते ऐकून गोरक्षनाथ शेताच्या बांधावर जाऊन एकटाच बसला होता.

आता ते स्टेशन सुरू झालं होतं. कानिफला पुढचं काम लागलं होतं थेट काश्मिरात, डोंगरातल्या बोगद्याचं. आणि मंगळवारी सृष्टीचा निरोप आला. कानिफ आबांना भेटायचं म्हणतोय. त्यानं बांधलेल्या स्टेशनात, गुरुवारी अकरा वाजता. तीनला तो तिथून निघणार, मग कधी येईल देव जाणे.

दोन दिवस गोरक्षनाथ मनात एकच वाक्य घोळवत होता. चूक माझीच रं, पर मी गप बसलो त्ये तुज्या आईसाठी. एवढं पोराच्या तोंडावर बोललं की झालं. मग त्यानं माफ केलं काय, शिव्या घातल्या काय, चालेल.

राहुरीहून नगर, नगरहून पुणे अशा दोन एसट्या करून, विचारत विचारत तो साडेदहालाच पोचला. रस्त्याच्या कडेला काचेचं छप्पर, त्याखालून जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या, बाजूला आपोआप सरकणारा जिना. यारीवाल्याच्या नजरेला ते विहिरीचं तोंडच दिसलं. पोरगा खाली आहे म्हणजे वर येणार इथूनच. तो कठड्याला टेकून उभा राहिला, अगदी यारीवर उभा राहायचा तसा, पाय फाकवून, नजर खाली लावून.

अकरा वाजले. बारा वाजले. जिन्यावरून एकेक डोकं वर यायचं, ह्याचा जीव वरखाली व्हायचा, आणि ते भलत्याच कुणाचं तरी निघायचं. कॉलेजच्या पोरी आल्या, पिशव्या घेतलेल्या बाया आल्या, टाय लावलेला एक जण धावतच आला. बायडाबाईनं बांधून दिलेली भाकरी गोरक्षनाथनं उभ्यानंच खाल्ली. पाणी प्यायलाही तो हलला नाही. पोरगा नेमका तेवढ्यात आला तर?

अडीच वाजून गेले तेव्हा तिथल्या वॉचमनला राहवेना. गहिनीनाथ त्याचं नाव, गडी पाथर्डीचा, बोलण्यावरून लगेच ओळखू येणारा.

"बाबा, सकाळपास्नं कुणाची वाट बघताय?"

"पोराची. खाली हाय त्यो. यील वर."

"ह्याच गेटनं येनार हाय का?"

"मंग दुसरं कुटनं?"

गहिनीनाथ त्याच्याकडं बघतच राहिला. "आवो बाबा, चार गेटं हायेत ह्या ठेसनाला! ह्ये एक. बाजाराकडं एक. रस्त्यापल्याड एक. आन् चौथ्या वाटंनं आतल्या आतच दुसऱ्या लायनीवर जाता येतं. तिकडनं गेलेला मानूस रस्त्यावर येतच न्हाई, सरळ दुसऱ्या गाडीत बसतो."

गोरक्षनाथनं जिन्यावरची नजर पहिल्यांदाच काढली. "अरं देवा! चार तोंडांची हीर आसती व्हय रं कुटं?"

"फोन लावा की त्येला."

"फोन न्हाई."

"नंबर सांगा, मी लावतो."

नंबर कुठला माहीत असायला! गहिनीनाथ भला माणूस. म्हणाला, "चला, मी तुमाला खाली सोडतो, बघून या."

गोरक्षनाथ सरकत्या जिन्यापर्यंत गेला. एक पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. "मी खाली गेलो, आन् पोरगं वर आलं तर? वर कोन हाय त्याला?"

त्यापुढं तो नुसता धावत सुटला. पहिल्या तोंडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, गाड्यांच्या मधून, लोकांच्या शिव्या खात, परत पहिल्यावर. एका ठिकाणी उभं राहिलं की वाटायचं, आता तिकडून आला असेल. तीन वाजले, चार वाजले. पाचला गहिनीनाथनं त्याला हाताला धरून रिक्षात बसवलं आणि एसटीच्या स्टँडला लावून दिलं.

नगरला आला तोवर राहुरीकडची शेवटची गाडी गेली होती. रात्र स्टँडच्या बाकावर काढून, सकाळी ऊन वर आल्यावर तो घरी पोचला.

बायडाबाई ओट्यावर बसली होती. कालचंच लुगडं अंगावर होतं.

"सृष्टीचा फोन आलता," ती म्हणाली. "कानिफ खालीच व्हता. गाडी थांबती तितं, बाकड्यावर. अकरापास्नं तीनपतूर. म्हनला, जलमभर आबा वरच उभं राहिलं, आज एकदा तरी खाली उतरत्याल आसं वाटलं व्हतं."

गोरक्षनाथ तिथंच मातीत बसला. "मी बी व्हतो गं. वर उभा व्हतो. अडीचपतूर जागचा हललो न्हाई." आणि म्हातारा तोंडावर हात घेऊन रडायला लागला. बन्सीच्या वेळी सगळ्यांदेखत आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं.

तिनं त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. मग म्हणाली, "काय सांगायचं व्हतं त्याला?"

"आसंच. कायबी न्हाई."

"हिरीचंच ना?"

त्यानं मान वर केली.

"त्या दिशी तुमी फोन बंद केला नव्हता," बायडाबाई म्हणाली. "हातातनं पडला आसंल. माझ्या कानाला तसाच चालू व्हता. कानिफ 'दादा, दादा' म्हनून वरडत व्हता, त्ये समदं मी ऐकलंय."

चार वर्षं! चार वर्षं ही बाई आल्यागेल्याला सांगत होती, दगड आपसूक निसटला म्हणून. ह्याच्यासमोर बसून सांगत होती. आणि हा मनात म्हणायचा, बरं झालं, हिला ठाऊक नाही.

"मंग मला बोलली का न्हाईस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "माझ्यापायी तुमी कानिफला बी जाऊ दिलं. मला समदं ठावं हाय आसं म्हनले आसते, तर तुमी सोसलं त्ये बी फुकट गेलं आसतं की वो!"

गोरक्षनाथला वाटलं, ओरडून म्हणावं, बाई, एक शब्द बोलली असतीस तर आज पोरगा घरात असता. शब्द अगदी ओठावर आला. पण हेच तिलाही त्याला म्हणता आलं असतं, आणि ती म्हणाली नव्हती.