वयाचा रकाना

कवळीवाल्यांच्या कामाच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी कपाट होतं आणि त्याला तीन खण होते. वरच्यावर चिठ्ठी डकवली होती ‘तरुण’, मधल्यावर ‘पोक्त’ आणि खालच्यावर ‘म्हातारे’. खणांत दात होते. तरुणांचे पांढरेशुभ्र आणि लांब, पोक्तांचे जरा दुधाळ, म्हाताऱ्यांचे पिवळसर आणि कडा घासून सपाट केलेले. सत्तरीच्या तोंडात पंचविशीचे दात बसवले तर ते दात वाटत नाहीत, बशा वाटतात, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. कवळी अशी हवी की शेजारणीला संशयसुद्धा येऊ नये. डॉक्टरांकडून साचा यायचा, सोबत चिठ्ठी यायची, चिठ्ठीत वयाचा रकाना असायचा आणि तो वाचून कवळीवाले खण उघडायचे.

आता यातली गंमत अशी की खणांवरच्या चिठ्ठ्या कधी बदलल्या नाहीत, पण त्यांचा अर्थ मात्र दर काही वर्षांनी गुपचूप सरकत गेला. बाविसाव्या वर्षी कवळीवाले कामाला लागले तेव्हा पंचेचाळीसचा आकडा दिसला की बिनदिक्कत खालच्या खणाकडे वाकायचे. स्वतः चाळिशीत आले तशी म्हातारपणाची हद्द पंचावन्नवर गेली. पंचावन्न झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की हल्ली माणसं पासष्टीपर्यंत पोक्तच असतात. आता ते अडुसष्टचे होते आणि पंचाहत्तरीच्या आतल्या माणसासाठी खालचा खण उघडायची कोणाची टाप नव्हती. त्यांची लेक गेली दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून हेच काम करत होती. ती एकदा म्हणाली, “बाबा, असंच चाललं तर तुमच्या नव्वदीत हा खण भाड्याने द्यावा लागेल.” बाबा हसले नाहीत. यात विनोद कुठे आहे ते त्यांना समजलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या कधीच्या खराब झाल्या होत्या. बोलकी बाई एकदम गप्प झाली. दाराची बेल वाजली की आत जायची, बोललीच तर तोंडावर हात धरून बोलायची. दर शनिवारी वाचनालयात ती लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवत असे, आवाज बदलून, अस्वलाचा वेगळा, राणीचा वेगळा. ते बंद पडलं. वाचनालयातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तिने लेकीला उचलायला लावला. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा वाचनालयवाल्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कोणालातरी बोलवावं लागेल, मुलं किती थांबणार? ते ऐकून ती स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

“ही कवळी मी करणार,” कवळीवाल्यांनी खोलीत सांगून टाकलं. “कोणी हात लावायचा नाही.”

साचा आला. चिठ्ठीही आली, पण डॉक्टरांनी वयाचा रकाना कोराच सोडला होता. घरचंच काम, लिहायचं काय त्यात! लेकीने ते दाखवलं तेव्हा कवळीवाले म्हणाले, “माझ्या बायकोचं वय मी चिठ्ठीत वाचू होय?” आणि त्यांनी वरचा खण उघडला.

“बाबा, वरचा?”

“मग?”

“आई चौसष्टची आहे.”

“आकड्याने आहे. तुझ्या आईला काय धाड भरलीय? पोरगी आहे ती अजून.”

हे वाक्य ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते आणि मनापासून म्हणत आले होते. बाकी सगळं जग त्यांच्या डोळ्यांदेखत जुनं झालं. डॉक्टर वाकले, गल्लीतला न्हावी बहिरा झाला, वर्गमित्र तर ओळखू येईनासे झाले. पण बायकोकडे पाहिलं की त्यांना तेवीस वर्षांची मुलगी दिसायची, समोरचा एक दात किंचित तिरका असलेली, हसली की डोळे मिटून घेणारी. यात ढोंग अजिबात नव्हतं. त्यांना ती खरोखरच तशी दिसायची.

कवळी पक्की करण्याआधी दात मेणात लावून एकदा ट्रायल घ्यायची असते. माणसाला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवायचं, मेणाचे दात तोंडात घालायचे, ओठ कसा पडतो, बोलताना वरचे किती दिसतात, खालचे किती, ते बघायचं आणि मगच पुढे जायचं. ट्रायल टाळणाऱ्या डॉक्टरांना कवळीवाल्यांनी आजवर फोनवरून झापलं होतं. या खेपेला लेकीने ट्रायलचा दिवस विचारला तर ते तिच्यावरच उखडले. “एकेचाळीस वर्षं बघतोय मी ते तोंड. मला ट्रायल शिकवतेस?”

अकरा दिवस ते खपले. समोरचा एक दात त्यांनी केसभर तिरका लावला, बरोबर तेवीस वर्षांच्या मुलीचा होता तसा. एवढं सुंदर काम त्यांच्या हातून क्वचितच झालं असेल, हे त्यांचं त्यांनाही माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी कवळी घरी आणली. लेकही मुद्दाम सोबत आली होती. बायकोने हात धुतले, कवळी तोंडात बसवली, दोनदा दाबून पाहिली. कुठे टोचत नव्हतं, कुठे हलत नव्हतं.

“हस की आता,” कवळीवाले म्हणाले.

ती हसली. आधी दात आले आणि ती त्यांच्या मागून आली. वरचा ओठ वयाने खाली उतरलेला, गाल आत गेलेले, हनुवटी पुढे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एका कोवळ्या मुलीचे लांबसडक चकचकीत दात. लेकीने मान खाली घातली. बायको उठून आरशापाशी गेली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली. मग कवळी काढून तिने पाण्याच्या वाटीत ठेवली.

“छान बसलीय,” ती म्हणाली. “टोचत नाही.”

शनिवारी ती वाचनालयात गेली नाही. रविवारी वाटीतलं पाणी बदललं, कवळी तिथेच. सोमवारी, मंगळवारीही तेच. कवळीवाल्यांनी बायकोशी अबोला धरला आणि खोलीत लेकीचं डोकं खाल्लं. “बाहेरचे लोक नवससायास करतात माझ्या हातच्या कवळीसाठी. घरच्या बाईला किंमत नाही.” लेक घासकाम करत राहिली. मग मशीन बंद करून म्हणाली, “बाबा, पेशंट कवळी घालत नसेल तर तुम्ही आम्हाला कोणाला विचारायला सांगता?” पेशंटला विचारा, असंच ते सांगत आले होते.

बुधवारी दुपारी ते चष्मा विसरला म्हणून घरी परतले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जुनी खुर्ची असायची. जिन्यात अडगळ टाकणाऱ्यांना ते रोज शिव्या घालत तिला वळसा घालून जायचे. आज त्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती. पायाशी दोन भरलेल्या पिशव्या होत्या. एक हात गुडघ्यावर, डोळे मिटलेले.

“इथे काय करतेयस?”

“बसलेय.”

“दुसऱ्याच्या खुर्चीत?”

“माझीच आहे. या मजल्यावरच्या बाईंनी ठेवलीय माझ्यासाठी.” तिने डोळे उघडले. “चार वर्षं झाली.”

कवळीवाले पिशव्या उचलायला वाकले.

“राहू द्या,” ती म्हणाली. दातांवाचून तिचे शब्द मऊ आणि ओले येत होते, पण आज तिने तोंडावर हात धरला नव्हता. “बसले आहे तर बोलून घेते. वर गेले की कामाला लागते आणि मग राहून जातं. तुम्ही जिचे दात केलेत ना, ती माझ्या ओळखीची आहे. चांगली होती पोर. दोन-दोन पिशव्या घेऊन धडाधड जिना चढायची. पण ती इथे राहत नाही आता. तिची कामं तेवढी माझ्याकडे आलीत.”

“मला तू तशीच दिसतेस,” कवळीवाले म्हणाले. “देवाशपथ. त्यात माझं काय चुकलं?”

“पहिली वीस वर्षं मला फार आवडलं. कोणाला नाही आवडणार? बहिणीला सांगायचे कौतुकाने. मग गुडघा दुखायला लागला. तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात, तुला काय धाड भरलीय! कमी ऐकू येतं म्हटलं, तर म्हणालात, लक्ष नसतं तुझं. माळ्यावरच्या बॅगा काढताना स्टुलावरून पडले, तर तुम्ही हसलात. म्हणालात, धांदरट आहेस पहिल्यापासून. माझं दुखणंसुद्धा खोटं ठरलं हो. त्या घरात मी एकटीच म्हातारी होत होते.”

वरून कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

“आणि मला वाटलं,” ती पुढे म्हणाली, “सगळ्यांचे दात करताना एवढं निरखून बघता, निदान माझे करताना तरी बघाल.”

कवळीवाले पायरीवर बसले. त्यांनी आयुष्यभर याला प्रेम मानलं होतं, आणि ते प्रेम नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. पण त्या वळणावर बसल्या बसल्या त्यांना आणखी एक गोष्ट कळली आणि ती काही शोभेची नव्हती. बायको तेविसची राहिली की नवराही फार तर तिशीचा राहतो. तिच्या गुडघ्यावर विश्वास ठेवला असता तर त्यांना स्वतःचंही वय मोजावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी त्यांनी तिला इतकी वर्षं जिना चढायला लावला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि अशी लाज वाटायला इतका उशीर झाला याची त्याहून जास्त.

दोन्ही पिशव्या त्यांनी वर नेल्या. मग बायकोला खिडकीपाशी, उजेडात तोंड येईल अशी बसवलं आणि खिशातल्या चिठ्ठ्यांतून एक कोरी चिठ्ठी काढली.

“वय लिहा,” ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं, चौसष्ट.

“आणि दिसतं किती?”

“त्याचा रकाना नसतो.”

“म्हणून तर तोंडी विचारतेय. बाहेरच्या बाईचं सांगता तसं सांगा.”

कवळीवाल्यांनी चष्मा लावला आणि पाहिलं. हजारो तोंडं पाहिलेला माणूस, पण त्यांना खुर्चीवरून उठून पळावंसं वाटलं. वरचा ओठ चांगलाच उतरला होता. हसताना वरचे दात जेमतेम दिसतील, खालचेच जास्त दिसतील. डोळ्यांखालची कातडी पातळ झाली होती. डाव्या भुवईवर एक जुनी खूण होती, स्टुलावरून पडल्याची असावी, ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती मुलगी कुठेच सापडेना. त्यांनी शोधली, अगदी डोळ्यांत जाऊन शोधली, आणि समोरची दमलेली अनोळखी बाई त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिली.

“सत्तर,” ते म्हणाले. “सत्तरच्या पुढेच.”

त्यांना वाटलं होतं ती रडेल. तिने नुसता मोठा श्वास सोडला.

“हं,” ती म्हणाली. “आता करा.”

दात मेणात लागायला पाच दिवस गेले. लेकीने ट्रायलची वेळ ठरवली आणि ती आधीच दवाखान्यात जाऊन बसली. दोघं निघाले. कवळीवाले सवयीने भराभरा उतरून रस्त्यावर पोहोचले, आणि मग मागे कोणीच नाही म्हणून थबकले. एवढी वर्षं ते कायम पुढे चालत आले होते. मागे वळून वाट बघितली असेल, पण परत वर कधी गेले नव्हते.

आज गेले. ती अजून दुसऱ्या मजल्याच्या वर होती. कठडा दोन्ही हातांनी धरून आडवी उतरत होती, एका पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा, मग थांबायचं, मग पुढची पायरी. त्यांनी हात पुढे केला. तिने लगेच धरला नाही. धरला तेव्हा तिचं बरंचसं वजन त्यांच्या हातावर आलं, आणि ते तिच्याच चालीने, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागले.

आठ-दहा पायऱ्या झाल्यावर कवळीवाले थांबले.

“काय झालं?”

“माझाही दुखतोय गं,” ते नवलाने म्हणाले. “गुडघा.”

“कधीपासून?”

त्यांनी आठवून पाहिलं, आणि त्यांना खरोखरच सांगता येईना.

“मग टेका कठड्याला जरा,” ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी थांबली.