दुपारच्या चित्रातला चंद्र

चित्रं साफ करणाऱ्या बाईंचा स्वतःच्या नजरेवर भारी विश्वास. शेजारच्या एका काकांनी साफ करायला आणलेल्या निसर्गचित्रात झाडांच्या सावल्या भर दुपारच्या, तळं उन्हात चमकणारं, आणि वर आकाशात चंद्र! तोही रंग थापून केलेला, एका बाजूला चेपलेला. कुणा हौशी माणसाने मागाहून चिकटवलाय, असं म्हणत बाईंनी कापसाचा बोळा औषधात बुडवला. धुराची काजळी निघाली, तिच्यामागोमाग चंद्रही निघाला. काकांना एका शब्दाने विचारायची तसदी काही त्यांनी घेतली नाही.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"ताई, सांगायचं राहिलं. तेवढा चंद्र जपा हं. चित्र आमच्या हिचं आहे, पण चंद्र माझा. आजारपणात तिला उजेड सोसायचा नाही. म्हणायची, या चित्रातलं ऊनसुद्धा टोचतं, जरा रात्र करा हो. मला कुठलं येतंय! काढला आपला एक चंद्र. इतकी हसली! मग रोज त्याच्याकडे बघत पडून राहायची. अगदी शेवटपर्यंत."

खरं सांगायची वेळ तीच होती.

"हो काका, जपते," त्या म्हणाल्या.

काम सुरू करण्याआधी काढलेला फोटो होता. तो समोर ठेवून त्या चंद्र रंगवायला बसल्या. मुद्दाम वेडावाकडा करायला गेल्या, पण सरावलेला हात ऐकेना. कडा मऊ झाल्या, उजेड अलगद तळ्यावर उतरला. स्वतःची लाज वाटत होती, तरी त्या थांबल्या नाहीत.

रंग वाळल्यावर काका आले. चष्मा पुसून बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले. ओळखलं यांनी, बाईंना वाटलं. ओळखलं तर बरंच, काय ते बोलून तरी मोकळे होतील.

"ती हसली ना, ते मला लागलं होतं हो," काका म्हणाले. "वाटलं, एवढं साधं मागितलं आणि तेही आपल्याला जमलं नाही. नंतर काजळी चढली, पुन्हा नीट बघणंच झालं नाही." त्यांनी चंद्राकडे बोट दाखवलं. "आणि बघा की ताई. जमला होता मला!"

सगळं बाईंच्या ओठांवर आलं होतं. आपण या माणसाचं काय पुसलं आणि त्याला काय देतोय, हे त्यांना धड बघवेना.

"हो काका," त्या म्हणाल्या. "छान जमला होता."