नको असलेल्या फोटोंची डिस्क

लग्नाचे फोटो काढणाऱ्या दुकानात सगळ्यात जास्त काय साठतं, तर लोकांना नको असलेले फोटो. जोडप्याचे तीनशे काढायचे, त्यांनी चाळीस निवडायचे, उरलेले डिस्कवर पडून. काओश्युंग शहरातल्या अशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत बी-श्या अठरा वर्षं दोन कामं करत होती. निवडलेल्या फोटोंतल्या पुटकुळ्या आणि दुहेरी हनुवट्या घालवायच्या, आणि दर तीन महिन्यांनी नाकारलेल्या फोटोंची डिस्क पुसून पुन्हा वापरायला द्यायची.

पुसायची म्हणजे नुसती डिलीट करायची नाही. ते म्हणजे दारावरची पाटी काढायची, आत बिऱ्हाड तसंच. गल्लीतल्या एका दुकानाने तशी डिस्क विकली आणि कुणा नवरीचे कपडे बदलतानाचे फोटो बाजारात फिरले. तेव्हापासून मालकीण फांगबाईंचा दंडक होता: डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहायची, आणि एकदा सुरू केलेलं पुसणं ब्रह्मदेव आला तरी थांबवायचं नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला पडद्यावरची पट्टी सत्तेचाळीस टक्क्यांवर होती, आणि मागच्या दाराशी यान-पो येऊन उभा राहिला. तीन महिन्यांपूर्वीचा नवरदेव. उजव्या बाहीला सुतकाचा गोणपाटाचा छोटा चौकोन टाचलेला; वडील गेले तर तो डाव्या बाहीला असतो. आई गेली, हे विचारायची गरजच नव्हती.

"मी आत येत नाही, ताई," तो गल्लीतूनच म्हणाला. "सुतकातला माणूस लग्नाच्या दुकानात नको. आमचे न निवडलेले फोटो आहेत का अजून?"

"ते कशाला आता?"

"आई आहे त्यांत. ती मध्ये आलेले सगळे फोटो आम्हीच बाद केले होते. अंत्यविधीला चौकटीत लावायला घरात एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा. बहीण म्हणते, पोलीस चौकीत बसवल्यासारखी दिसते. चारच्या आत चौकटवाल्याला फोटो द्यायचाय."

"मोबाइलमध्ये असतील की."

"फोन काढला की तोंडावर हात. मी कशाला, मी कशाला. एक धड नाही."

बी-श्याला ती बाई चांगली आठवत होती. तिने प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती, पण फोटोंत पाहिली होती. समुद्रकाठी नवरीच्या सँडल सांभाळायच्या, मधूनच नवरीची ओढणी वाऱ्यावर उडवायची आणि पळत बाजूला व्हायचं. वय झालेलं, पळणं जमायचं नाही. निवडलेल्या फोटोंपैकी अकरांमध्ये तिचा हात उरला होता. बी-श्यानेच तो पुसून तिथे समुद्र भरला होता.

"पुसले गेले" म्हटलं असतं तर संपलं असतं. जोडप्याची तशी सहीसुद्धा कागदावर होती. तिने पट्टीकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस. तिने पुसणं थांबवलं.

डिस्कचा पुढचा निम्मा भाग कायमचा गेला होता. मागच्या निम्म्यात यान-पोचे फोटो असले तर असले. तिने हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्राम लावला आणि ते एकेक करून, नावगाव नसलेले, वर यायला लागले. सगळे परक्यांचे. उघड्या पाठीची कुणी नवरी आली की ती मान फिरवायची.

बाहेर यान-पो पायरीवर बसून आईसाठी जाळायची पिवळ्या कागदाची कमळं दुमडत होता. दोन दुमडली की उठून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा.

"बहिणीने एकशेआठ सांगितलीयत," तो म्हणाला. "कितवं चाललंय तेच विसरलो. सापडलं काही?"

"अजून नाही. तुम्ही दुमडा."

दोनला फांगबाई आल्या. त्यांनी डिस्क पाहिली, मग दाराबाहेरचा गोणपाट पाहिला.

"फोटोग्राफर पुढे डिस्कसाठी खोळंबलाय, पुसणं अर्धवट, आणि दारात सुतक. दुकानाला कुलूप तेवढं लावायचं राहिलंय."

"फोटोग्राफरला माझ्या घरची नवी डिस्क देते. ही चारनंतर पहिल्यापासून पुसेन."

"आणि तोवर कुणाचा एक जरी फोटो बाहेर गेला तर?"

"तर उद्यापासून मला कामावर घेऊ नका."

फांगबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "चार म्हणजे चार," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तीनला समुद्र दिसला, मग ओढणी. बी-श्या भराभर पुढे जात राहिली. आईची पाठ. आईचं कोपर. पळता पळता पुसट झालेली आई. शंभरेक फोटोंत ती होती आणि एकातही चेहरा नव्हता. बाहेरून पुन्हा विचारणा झाली, तेव्हा तिने ऐकू न आल्यासारखं केलं. त्याला काय सांगायचं, याची तिला भीती वाटायला लागली होती.

मग एक फोटो आला. नवरा-नवरी गाडीत कपडे बदलत असले की फोटोग्राफर उजेड बघायला नवरीच्या जागी कुणालाही उभं करतो. असे फोटो गिऱ्हाइकाला दाखवतही नाहीत. नवरीच्या जागी आई उभी होती, ताठ, आणि दिलखुलास हसत होती. खांद्यांखालचा सगळा भाग करड्या पट्ट्यांत गेलेला, पण चेहरा शाबूत होता.

"आत या," बी-श्या म्हणाली.

"ताई, सुतक..."

"या म्हणते ना."

तो आला. पडद्याजवळ वाकला.

"हात नाहीये तोंडावर," तो म्हणाला.

"दोन्ही हातांत सँडल असतील. काय करणार बिचारी."

"बाकीचे?"

"पाठ आहे. कोपर आहे."

"तेही द्या. पाठ तर पाठ."

"देते. आता याचे खांदे मी रंगवून देते, कुणाला कळणार नाही." बोलता बोलता सवयीने तिचा माउस डोळ्यांवर गेला. "आणि ह्या बाजूला बघतायत, ती नजर तेवढी समोर आणते. चौकटीतल्या माणसाने समोर बघायला हवं."

"नजर राहू दे," यान-पोने टेबलाची कड धरली. "त्या बाजूला गाडीचं दार होतं. मी सूट घालून तिथूनच उतरलो. आणि उतरल्या उतरल्या म्हणालो, आई, सरक तिथून, फोटोत येतेस."

बी-श्याने माउस डोळ्यांवरून काढला. नजर तशीच ठेवून तिने खांदे रंगवायला घेतले, तेव्हा साडेतीन वाजत आले होते.